काचेच्या पेटीतलं कासव आमच्याकडे आलंय, त्याला नीट घर कसं करू?

निळीजाई

नमस्कार मंडळी. आमच्या शेजारचं कुटुंब दुसऱ्या देशात राहायला गेलं आणि त्यांचं कासव रीतसर आमच्याकडे आलं. सोबत त्याची काचेची पेटी, एक दिवा, पाण्याची वाटी आणि परवान्याची कागदपत्रं. कागदावर 'टेस्टुडो' एवढंच वाचता येतंय, पुढची अक्षरं पुसट झाली आहेत. पाण्यातलं नाही, जमिनीवरचं आहे. पाठ पिवळट आणि तिच्यावर काळे डाग. पट्टी सरळ धरून पाठीची लांबी मोजली तर १४ सेंटीमीटर भरते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन ५६० ग्रॅम.

पेटी ९० बाय ४५ सेंटीमीटर आहे. खाली लाकडाचा भुसा, एका कोपऱ्यात दिवा. काचेला बाहेरून चिकटवलेला थर्मामीटर दिवसभर २६ दाखवतो.

माझी काळजी अशी की सकाळी दिवा लावला की ते थोडा वेळ त्याच्याखाली बसतं, आणि मग जे चालायला लागतं ते काचेला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुढचे दोन्ही पाय काचेवर घासत राहतं. मुलगी म्हणते, "त्याला आपल्याकडे यायचंय." मला तसं वाटत नाही, पण त्याला काय हवंय तेही कळत नाही.

शिवाय पाठीवरचे खवले मधोमध थोडे वर आलेत, छोट्या टेकड्यांसारखे. हा आजार आहे का? थंडीत झोपू द्यायचं का? आणि एकटं आहे तर दुसरं आणावं का? घरामागे साधारण ३ बाय ४ मीटर मोकळी जागा आहे, तिचा काही उपयोग करता येईल का तेही सांगा.

रानवारा

बाकीचं जाणकार सांगतीलच, पण आज लगेच करता येईल असं एक काम आहे. पेटीच्या चारही काचांना बाहेरून, कासवाच्या नजरेच्या बऱ्याच वरपर्यंत, जाड कागद चिकटवा. काच हा अडथळा आहे हे त्याला उमजत नाही. पलीकडचं दिसतं, म्हणून ते जात राहतं. हा तात्पुरता उपाय आहे, पण तेवढ्यानंही बरीच कासवं शांत होतात.

जोडीदाराचं म्हणाल तर मला स्वतःला एकटं कासव बघवत नाही. जागा मोठी असेल तर दुसरं आणायला हरकत नसावी.

मंदगती

निळीजाई, तुम्ही फार नेमकं लिहिलंय. वजन आणि लांबी मोजून प्रश्न विचारणारी माणसं क्वचित भेटतात. लोकांना नकोशी झालेली कासवं मी बरीच वर्षं सांभाळतोय आणि माझ्याकडे येणारी बहुतेक अशाच पेटीतून येतात.

आधी मला तीन गोष्टी बघून सांगा. पुढच्या पायाला नखं चार की पाच? शेपटीच्या अगदी टोकाला नखासारखं कडक टोक आहे का? मांडीच्या मागच्या बाजूला, शेपटीच्या दोन्ही अंगांना, काट्यासारखा उंचवटा आहे का? यावरून जात कळेल. आणि जात कळल्याशिवाय थंडीतल्या झोपेबद्दल कुणीही काही सांगितलं तरी ऐकू नका.

तोवर घराचं बघू. कासव स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही. अन्न पचवायचं, जंतूंशी लढायचं, नुसतं चालायचं तरी त्याला बाहेरची ऊब लागते, आणि ऊब पुरे झाली की गारव्यात सरकावं लागतं. दिवसभर त्याचं हेच काम चालू असतं. त्यामुळे माझ्या लेखी कासवाच्या घराची कसोटी एकच: त्याला एका वेळी किती जागांमधून निवड करता येते? ऊन आणि सावली, कोरडं आणि ओलसर, उघडं आणि आडोशाचं, सगळं एकाच वेळी हाताशी हवं. ९० बाय ४५ च्या पेटीत हे बसतच नाही. दिवा कुठेही लावा, सगळी पेटी तापते, गार टोक उरत नाही.

म्हणून काच काढून टाका. वरून उघडं, चहूबाजूंनी लाकडी फळ्या लावलेलं एक मोठं चौकट-टेबल करा. या आकाराच्या कासवाला १२० बाय ६० हे अगदी कमीत कमी, १८० बाय ९० जमत असेल तर तेच करा. फळ्या ३० सेंटीमीटरपेक्षा उंच. भुसा पूर्ण काढा. तो कोरडा असतो, धूळ करतो, आणि चीड किंवा देवदारासारख्या लाकडाचा असेल तर त्याच्या वासाचा फुप्फुसांना त्रास होतो. त्याऐवजी साधी माती, खत-कीटकनाशक न घातलेली, आणि वाळू, साधारण निम्मी-निम्मी. थर १० ते १५ सेंटीमीटर, म्हणजे त्याला अर्धं अंग पुरून घेता येईल. एका टोकाची माती ओलसर ठेवायची: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी येऊ नये. त्या ओलसर टोकाला आडोसा करा. आडवी ठेवलेली अर्धी कुंडी चालते.

दुसऱ्या टोकाला दिवा. दिव्याखालच्या जमिनीचं तापमान ३२ ते ३५ अंश, आडोशाकडे २० ते २२. थर्मामीटर काचेवरून काढून जमिनीवर, कासवाच्या पाठीच्या उंचीवर ठेवा, एक इकडे एक तिकडे. भिंतीवरचा थर्मामीटर फक्त भिंतीचं तापमान सांगतो. रात्री सगळे दिवे बंद. लाल-निळे रात्रीचे दिवेही नकोत. आणि खालून तापणारी गादी तर अजिबात नको. कासवाला ऊन वरून येतं एवढंच ठाऊक असतं. पोटाखालून चटका बसला तरी ते वेळेवर उठत नाही.

आता दुसऱ्या कासवाबद्दल. रानवारा, तुमचं मन मला कळतं, पण इथे मी ठाम नाही म्हणेन. ही कासवं कळपानं राहणारी नाहीत. नर मादीला धडका देतो, पाय चावतो, आणि ती बंद जागेत पळून जाणार कुठे? दोन माद्यांतही एक दबून राहते. आपल्याला दोघी शेजारी-शेजारी शांत बसलेल्या दिसतात, आणि त्यातली एक हळूहळू खाणं सोडत असते. त्यात नागीण गटातला एक विषाणू असा आहे की एका जातीचं कासव तो वर्षानुवर्षं बाळगतं, त्याला काही होत नाही, आणि दुसऱ्या जातीचं त्यानं दगावतं.

निळीजाई

मंदगती, खूप आभार. रात्री मुलीला घेऊन बसले आणि टॉर्च धरून सगळं बघितलं. पुढच्या पायाला पाच नखं. शेपटीच्या टोकाला खरंच एक टणक, पिवळट, नखासारखं टोक आहे. आजवर ते कधी लक्षातच आलं नव्हतं. मांडीवर काटे नाहीत. शेपटीच्या वरचा खवला मधोमध उभा दुभंगलेला दिसतो. शेपटी आखूड आहे आणि पोट सपाट.

थर्मामीटर जमिनीवर ठेवला. दिव्याखाली ४१ आणि लांबच्या टोकाला २९! दिव्यावर वॉट लिहिलेत, यूव्ही वगैरे काहीच लिहिलेलं नाही. काचेला कागद लावला. चालणं कमी झालंय, पण थांबलेलं नाही.

मंदगती

हरमनचं कासव. टेस्टुडो हरमनी. चार नखं असती तर हॉर्सफील्ड म्हटलं असतं, मांडीवर काटे असते तर ग्रीक. आखूड शेपटी आणि सपाट पोट म्हणजे बहुतेक मादी. नराची शेपटी लांब-जाड असते आणि पोट आत वळलेलं.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. ४१ आणि २९. तिला गार व्हायला जागाच नाही, म्हणून ती बाहेरची वाट शोधते. मुलीला सांगा, ती सावली शोधतेय. टेबल तयार होईपर्यंत दिवा वर उचला किंवा कमी वॉटचा लावा, आणि त्याला थर्मोस्टॅट किंवा डिमर जोडा.

यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा मात्र लगेच घ्या, हे पुढे ढकलू नका. कातडीत ड-३ जीवनसत्त्वाचा पहिला टप्पा तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण लागतात. ते नसतील तर पोटात कॅल्शियम कितीही गेलं तरी अंगी लागत नाही. शरीर मग हाडांतून आणि कवचातून कॅल्शियम ओढायला लागतं. खिडकीतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळते ती टी-५ नळी (बारीक, लांब ट्यूबलाइटसारखी) घ्या, गोल पिळाचा छोटा दिवा नको. नळी उबेच्या दिव्याशेजारीच लावा, म्हणजे ऊब आणि किरण एकाच जागी मिळतील, रोज सुमारे १२ तास. अंतर डब्यावर दिलेलं असतं ते पाळा आणि मध्ये काच किंवा प्लास्टिक येऊ देऊ नका. नळीवर बसवल्याची तारीख लिहून ठेवा. डोळ्याला उजेड दिसत राहतो, किरण मात्र कमी होत जातात, म्हणून साधारण वर्षानं बदलायची.

पाठीवरच्या टेकड्या. पूर्वी सगळे म्हणायचे की प्रथिनं जास्त झाली की असं होतं. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सल्काटा जातीच्या पिल्लांवर अभ्यास केला, त्यात हवेतल्या दमटपणाचा परिणाम प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त दिसला. कोरड्या हवेत वाढलेल्यांना टेकड्या आल्या. तुमच्या मादीचं लहानपण कोरड्या भुशात, दिव्याखाली गेलं असणार. झालेल्या टेकड्या सपाट होत नाहीत आणि तेवढ्यानं तिला वेदनाही होत नसतात. आता बघायचं ते पुढच्या वाढीकडे. दोन खवल्यांच्या मधे एक फिकट, जवळजवळ पांढरी बारीक रेघ दिसते का बघा. ती नवी वाढ. ती रेघ सपाट येत असेल तर आपलं काही चुकत नाहीये असं समजा. आणि कवचाच्या कडा अंगठ्यानं हलकेच दाबून बघा. या वयात ते दगडासारखं टणक हवं. दबत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाणी. वाटी काढून उथळ, पसरट ताटली द्या, तिला सहज आत-बाहेर करता येईल अशी, आणि ती जमिनीत रुतवून ठेवा. त्याखेरीज आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या खालीच राहिलं पाहिजे. ती मान लांब करून, डोळे अर्धे मिटून, गळ्याची हालचाल करत सावकाश पिते. पहिल्यांदा बघाल तेव्हा मुलीलाही बोलवा. बहुतेकदा पाण्यातच लघवी होते आणि तिच्यात पांढरा भाग असतो, तो मऊ पेस्टसारखा असेल तर ठीक. बोटांत चोळून वाळूसारखा खरखरीत लागला तर पाणी कमी पडतंय, आणि हे असंच चालू राहिलं तर मूत्राशयात खडा होतो. मी कासवाच्या तब्येतीचा पहिला अंदाज यावरूनच घेतो.

खाणं: रानातला पाला. डँडेलियन, क्लोव्हर, चिकोरी, तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, काटे काढलेलं निवडुंग. तंतू भरपूर, प्रथिनं कमी, आणि कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट. रोज तेच ते देऊ नका. फळं या जातीला नकोत, आतड्यातले जंतू बिघडतात. कुत्र्या-मांजराचं खाणं तर कधीच नाही. पालक कधीमधी चिमूटभर, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. समुद्रफेसाचा एक तुकडा कायम पडलेला असू द्या, तिला लागेल तेव्हा ती चावेल. खाणं सपाट खडबडीत दगडावर वाढा, चोच आणि पुढची नखं आपोआप झिजतात.

थंडीची झोप. हरमनची कासवं निसर्गात झोपतात हे खरं, पण नव्यानं घरी आलेल्या आणि मागचं काही माहीत नसलेल्या कासवाला मी पहिल्या थंडीत झोपवत नाही. दिवे, ऊब, खाणं सगळं चालू ठेवायचं. सर्वांत वाईट काय, तर अर्धवट थंडी. खोली १२-१५ अंशांवर, कासव खातही नाही आणि झोपतही नाही. साठा संपत जातो आणि आपण समजतो की ते विश्रांती घेतंय.

पुढच्या वर्षी तब्येत चांगली असेल तर फ्रिजची पद्धत वापरा, म्हणजे कासवाला थंडीभर फ्रिजमध्ये झोपवायचं. तापमान ५ अंशांच्या आसपास, ३ च्या खाली आणि ७-८ च्या वर जाऊ द्यायचं नाही. शून्याखाली गेलं तर डोळे जातात. १० च्या वर राहिलं तर ते जागं होऊ लागतं. झोपेआधी तीन-एक आठवडे खाणं बंद, पाण्यात बसवणं चालूच, म्हणजे आतडं रिकामं होतं. पोटात अन्न राहिलं तर ते झोपेत कुजतं. हवा खेळती राहावी म्हणून दार अधूनमधून उघडायचं आणि वजन बघत राहायचं. हरमन आणि ग्रीक कासवांसाठी लांबी-वजनाचं जॅक्सनचं कोष्टक आहे, त्याप्रमाणे १४ सेंटीमीटरला ५६० ग्रॅम समाधानकारक आहे. हे कोष्टक हॉर्सफील्डला लावू नका, त्याची बांधणी गोल असते.

शेपूटतपासनीस

मी पशुवैद्य आहे, सरपटणारे प्राणी बरेच बघतो. मंदगतींनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी थोडी भर घालतो.

पहिल्या महिन्यात तिला कासवांचा अनुभव असलेल्या डॉक्टरला दाखवा आणि ताजी विष्ठा जंतांसाठी तपासून घ्या. जंत निघाले तर औषध ठरवताना एक गोष्ट तुम्हाला स्वतःला माहीत असलेली बरी: आयव्हरमेक्टिन कासवांना विषारी आहे. कुत्र्या-गुरांना सर्रास देतात, कासवाला ते देऊ देऊ नका. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही नुसतं 'ताकदीसाठी' म्हणून नको. मात्रा जास्त झाली तर कातडी सोलून निघते.

नाकावर बुडबुडा, श्वासाला शिटीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून मान पुढे ताणणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून वर असतात. याच कारणानं उलटं पडलेलं कासव धोक्यात असतं, आतले सगळे अवयव फुप्फुसांवर येतात, आणि तेही दिव्याखाली पडलं तर फारच वाईट. टेबलात तीव्र चढ किंवा कोपऱ्यात चढता येईल असं काही ठेवू नका.

पाठीला तेल लावू नका, रंगवू तर नकाच. कवच हे जिवंत अवयव आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यातच जोडलेल्या असतात, त्यात नसा असतात, तिला स्पर्श कळतो. आणि हाताळल्यावर मुलीनं साबणानं हात धुवायचे, कारण निरोगी कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असू शकतो.

रानवारा

जोडीदाराबद्दलचं पटलं, मत बदललं. पण त्या मागच्या मोकळ्या जागेचं कुणीच सांगितलं नाही. मला वाटतं खरं घर तेच होऊ शकतं.

मंदगती

बरोबर आहे, खरं घर तेच. माझ्या अनुभवात उन्हाच्या दिवसांत बाहेर राहणाऱ्या कासवाची भूक, चाल, नजर सगळंच वेगळं असतं. दिवे कितीही चांगले असोत, ते सूर्याची बरोबरी करत नाहीत.

३ बाय ४ मीटर म्हणजे चैन आहे. भिंत आरपार न दिसणारी, विटांची किंवा जाड फळ्यांची. जाळी नको, तिच्यात पाय अडकतात आणि पलीकडचं दिसलं की पुन्हा तेच ढकलणं सुरू. जमिनीच्या वर ४० सेंटीमीटर आणि खाली २०-३० सेंटीमीटर पुरलेली. हरमन चढण्यात पटाईत असते आणि कोपऱ्यांतूनच निसटते, म्हणून चारही कोपऱ्यांवर तिरप्या फळ्या ठोका आणि भिंतीच्या वरच्या कडेला आत झुकलेली पट्टी लावा. आत सपाट हिरवळ नको. मातीचे चढउतार, दगड, दाट झुडपं, गवताचे पुंजके. झुडपाखालच्या गारव्यात ती दुपार काढेल. कण्हेर, अझेलिया असली विषारी झाडं आधी मुळापासून काढा, आणि शेजारी फवारणी होत असेल तर त्या बाजूचा पाला देऊ नका. उंदीर, कुत्रे, कावळे यांच्यासाठी वरून जाळी, आणि रात्री आत.

मादी आहे म्हणून आणखी एक गोष्ट, बऱ्याच जणांना ही ठाऊक नसते. नर नसतानाही ती अंडी घालू शकते. दिवसभर उन्हाच्या बाजूला मऊ माती-वाळूचा एक ढीग, निदान २० सेंटीमीटर खोल, कायम ठेवा. अंडी घालायला जागा पसंत पडली नाही तर मादी ती पोटातच धरून ठेवते, आणि मग शस्त्रक्रियेपर्यंत पाळी येते. एखाद्या दिवशी ती खाणं सोडून मागच्या पायांनी इथे-तिथे उकरायला लागली तर हे आठवा.

कागदपत्रांकडेही लक्ष द्या. सगळी टेस्टुडो कासवं सायटिस करारात (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) येतात, हरमन दुसऱ्या परिशिष्टात. चांदणीच्या नक्षीचं स्टार कासव तर २०१९ मध्ये त्याहून कडक अशा पहिल्या परिशिष्टात गेलं, चोरटा व्यापार इतका वाढला होता. मालकी बदलली की नोंद बदलावी लागते का, हे तुमच्याकडच्या वनखात्याला विचारून घ्या आणि पोटाकडून व पाठीकडून तिचे स्पष्ट फोटो काढून ठेवा. खवल्यांची नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते. आणि ही कासवं नीट सांभाळली तर ५० वर्षं सहज ओलांडतात. पुढे तिला कोण सांभाळणार ते मुलीशी आत्ताच बोला, शेजाऱ्यांनी तुमच्याशी बोलून ठेवलं तसंच.

निळीजाई

सगळं छापून भिंतीला लावलंय. नवऱ्यानं १८० बाय ९० ची चौकट आखली. नळी मागवली. दिवा वर उचलल्यावर जमिनीवर ३४ आणि लांब टोकाला २५ आलं, अजून कमी करायचंय. काल पाण्यात बसवलं, पांढरा भाग मऊ होता. कवच टणक आहे. खवल्यांमधली फिकट रेघही सापडली, मुलीनंच शोधली.

एकच शंका. फळ्यांना पाणी लागून त्या कुजतील, मग वॉर्निश लावावं का? की आतून प्लास्टिक घालावं?

मंदगती

आतून जाड प्लास्टिकचा कागद, मातीच्या पातळीच्या थोडा वरपर्यंत, आणि त्याच्या कडेवर लाकडी पट्टी ठोका, म्हणजे ती कड उचकटून खाणार नाही. वॉर्निश पाण्यावर आधारित घ्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, उघड्यावर वाळू द्या. दिव्याच्या उबेत उरलासुरला वास पुन्हा बाहेर येतो, म्हणून दिवे लावून एक दिवस रिकामं टेबल चालवा, नाक जवळ नेऊन बघा, मगच तिला ठेवा. लांब टोकाचं तापमान टेबल झालं की आपोआप उतरेल. नाही उतरलं तर आकडे इथे टाका.